ध्रुवा काल्पनिक नव्हती

श्री. मनोहरराव आठल्ये यांची आणि माझी पहिली भेट हॅमिल्टनच्या रुग्णालयातील औषधालयाच्या खिडकीपाशी झाली. मनोहरराव तेथे औषधनिर्माते होते. माझी पत्नी, कै. सौ. सुशीला, तेथे परिचारिका म्हणून नुकतीच रुजू झाली होती. "हे आपले आहेत, दादरचे," असे मनोहररावांविषयी सांगून तिने मला पुढे केले. मी कोणत्या गावचा, हे विचारण्याआधी मनोहररावांनी मला परग्रहांवर जीवसृष्टी आहे काय, असे विचारले. मी दुग्धव्यवसायातील रसायनतज्ज्ञ. तसा पुरावा उपलब्ध नाही, असे उत्तर मी दिले. ते सुशीलेकडे वळून म्हणाले, "वहिनी, यांना घरीच ठेवा. आमच्याकडे तुम्ही एकट्या या."

त्या काळी या देशात विज्ञानकथांचे वेड असलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीही ऑकलंडपासून डनीडिनपर्यंत विखुरलेली. मनोहरराव आपल्या गॅरेजमध्ये सायक्लोस्टाइल यंत्रावर एक अनियतकालिक छापून या सर्वांना टपालाने पाठवीत. या मंडळींत प्रत्येकाला नवे नाव मिळे. ते स्वतः घ्यायचे नाही, दुसऱ्याने द्यायचे, अशी रीत होती. सुशीलेला मनोहररावांनी 'ध्रुवा' हे नाव दिले.

त्या बदल्यात सुशीलेने या मंडळींना त्यांची देवता दिली. बाळाच्या सहाव्या दिवशी सटवाई कपाळी लेख लिहिते, तशी प्रत्येक अंकाची एक शाईसटवाई असते, असे तिने स्टेन्सिल कापता कापता ठरवून टाकले. छापल्यापासून सहाव्या दिवशी अंकाशेजारी कोरा कागद व पेन ठेवावे. सातव्या दिवशी अंक टपालात टाकावा. ही रीत देशभर पसरली. डनीडिनचे एक गोरे शाळामास्तर गंभीरपणे लिहीत, "कागद ठेवला आहे. अद्याप काही उमटलेले नाही. कळवीन."

मनोहररावांचीही एक निर्मिती होती. कॅप्टन ॲम्ब्रोज नावाचे दक्षिण टोकावरील एक दीपगृहरक्षक त्यांच्या अंकात नियमित पत्रे लिहीत. ते अस्तित्वात नव्हते. त्यांची पत्रे मनोहरराव स्वतः लिहीत आणि एका परिचितांकरवी त्याच टोकाकडील ब्लफ गावच्या टपालपेटीत टाकवीत. हे आम्हा तिघांखेरीज व त्या परिचितांखेरीज कोणास ठाऊक नव्हते.

सुशीलेच्या आजारपणात मनोहररावांनी जे केले, त्याची नोंद येथे व्हावयास हवी. प्रत्येक औषध कशासाठी, हे ते तिला स्वच्छ मराठीत समजावून सांगत. खोटा दिलासा त्यांनी एकदाही दिला नाही. तिने सरळ विचारले तेव्हा त्यांनी सरळ उत्तर दिले, आणि मग दोघे पुढच्या अंकाविषयी बोलत बसले.

ती गेल्यानंतर दोन वर्षांनी ऑकलंडच्या काही तरुण मंडळींनी या जुन्या नावांचा व दंतकथांचा कोश प्रसिद्ध केला. आमच्या मुलीने तो मला आणून दिला. तिला मराठी समजते, पण ती बोलत नाही. कोश टेबलावर ठेवून ती म्हणाली, "बाबा, दे थिंक आई वॉज मेड अप."

नोंद अशी होती: 'ध्रुवा. आठल्ये यांनी रचलेली काल्पनिक सदस्य. कोणत्याही संमेलनास उपस्थित नव्हती.' शाईसटवाई ही 'पौर्वात्य परंपरेतील प्राचीन देवता' ठरली होती. कॅप्टन ॲम्ब्रोज मात्र आद्य सदस्य म्हणून पूर्ण पानभर विराजमान होते. सुशीला संमेलनांस जात नसे, कारण शनिवार-रविवारी तिची वॉर्डात पाळी असे. ही चौकशी एका फोनवर झाली असती. तो फोन कोणी केला नाही.

मी संकलकांना तीन पत्रे लिहिली. तिसऱ्याचे उत्तर आले. जुनी थट्टा मी पुढे चालू ठेवल्याबद्दल त्यांनी आभार मानले होते, आणि माझ्या पत्रांतील विधुर अतिशय हुबेहूब वठला आहे, असे कळविले होते.

ते पत्र घेऊन मी मनोहररावांकडे गेलो. या गौरवग्रंथात लिहिणे शोभो वा न शोभो, मी त्यांना कठोर शब्द बोललो. त्यांनी तीस वर्षे खोटी माणसे उभी केली म्हणून आज माझ्या खऱ्या माणसावर कोणी विश्वास ठेवत नाही, असे मी म्हणालो. त्यांनी स्वतःचे समर्थन केले नाही. "बरोबर आहे तुमचं," एवढेच म्हणाले, आणि कपाटातून एक खोके काढून टेबलावर ठेवले. त्यात कॅप्टनच्या प्रत्येक पत्राची कार्बन प्रत होती.

ईस्टरच्या सुटीत ऑकलंडला संमेलन भरले. मनोहरराव प्रमुख पाहुणे होते. गुडघे दुखत असताना ते स्वतः गाडी चालवीत गेले. मी शेजारी बसलो होतो. व्यासपीठावर त्यांनी ते खोके उघडले आणि कॅप्टन ॲम्ब्रोज आपणच, असे सांगितले. त्यांनी लोकांच्या हाती प्रती दिल्या. सभागृहात प्रथम हशा झाला. मग कॅप्टनसाठी दरवर्षी हिवाळ्यात मफलर विणून पाठविणाऱ्या एक वृद्ध बाई उठून बाहेर गेल्या. त्यांनी मनोहररावांना त्यानंतर पत्र लिहिलेले नाही, आणि त्याचे मनोहररावांना फार दुःख आहे, हे मी जाणतो.

मनोहरराव थांबले नाहीत. त्यांनी सुशीलेच्या हस्ताक्षरातील स्टेन्सिल उजेडात धरले. ते इंग्रजीत जे म्हणाले, ते असे: "ॲम्ब्रोजला मी घडवलं. ध्रुवाला मी फक्त नाव दिलं. त्या आमच्या रुग्णालयात सिस्टर होत्या, आणि शाईसटवाई त्यांची आहे. खोटं बोलणारा मी होतो. त्याची शिक्षा त्यांना नको."

संकलकांनी पुढे दुरुस्तीची चिठ्ठी छापली. तीत 'सुशीला' हे नाव आहे. क्षमायाचना नाही.

या ग्रंथाच्या संपादक मंडळाने मला सौजन्याने सुचविले की, हा प्रसंग गौरवलेखास शोभणारा नाही. मनोहररावांची रुग्णसेवा, वक्तशीरपणा, मराठी मंडळींना त्यांनी दिलेला आधार यांविषयी मी लिहावे. ते सर्व खरे आहे आणि इतर लेखक ते लिहितील. परंतु आयुष्यभर जपलेली, साऱ्यांना प्रिय असलेली गोष्ट एका मृत स्त्रीच्या न्यायासाठी चारचौघांत स्वतःच्या हाताने मोडून टाकणे, यापेक्षा अधिक गौरवास्पद कृत्य मला ठाऊक नाही. ते गाळावयाचे असेल, तर माझा लेखच गाळावा.

मनोहरराव पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांना निरामय आणि उदंड आयुष्य लाभावे, अशी माझी प्रार्थना आहे, आणि तीत माझा स्वार्थ आहे. 'ध्रुवा' हे नाव इतर सर्वांनी केवळ कागदावर लिहिले. गॅरेजच्या दारातून त्या नावाने तिला हाक एकट्या मनोहररावांनी मारली. तो आवाज खणखणीत राहो.