घोडीला गाऱ्हाणं

सबंध सिंधुदुर्गात घोडीला 'अहो' म्हणणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या वाट्याला आला. "माका तीस वर्सां 'गो' म्हणान हाक मारतत, आणि घोडयेक 'अवो'!" ही ताईची कायमची तक्रार. भावोजींचं आयुष्य ट्रक चालवण्यात गेलं. आंबोलीचा घाट ते समोरच्याला शिव्या घातल्याशिवाय कधी उतरले नाहीत. पण शिरोड्याच्या वाळूत पर्यटकांना फिरवून आणि चाबूक खाऊन भेदरलेली ही घोडी त्यांनी घरी आणली, आणि या माणसाच्या जिभेला जी साखर लागली ती आजतागायत उतरलेली नाही. आपण देवापुढे गाऱ्हाणं घालतो ना, तसं हे रोज सकाळी घोडीपुढे घालत. हात जोडून, खड्या आवाजात! "बायसायबा, आज तुमच्या पाठीर खोगीर घालूचा म्हणतंय. मर्जी आसात तर घालतंय, नसात तर उद्या बघूया!" शेजारी मी असलो की गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायची पाळी माझी. घोडीनं कान मागे पाडले की खोगीर परत खुंटीला. असे चार महिने गेले, अन् गावाला फुकटची करमणूक झाली. पाचव्या महिन्यात तिनं खोगीर घालू दिलं, तेव्हा भावोजींनी आळीभर पेढे वाटले. स्वार मात्र झाले नाहीत. "तसा खंय विचारलंय अजून?" म्हणाले.

गेल्या वर्षी घोडीच्या पोटात शूळ उठला. डॉक्टर फोनवर म्हणाले, ताबडतोब सावंतवाडीला आणा, उशीर झाला तर हाती लागायची नाही. टेम्पो आला. तो बघताच घोडी मागच्या पायांवर उभी राहिली. टेम्पोवाला म्हणाला, "दोर लावया, चौघांनी ढकलूया."

"नाय," भावोजी म्हणाले. "शिरोड्यासून बांधूनच घराक हाडलेली तिका. परत बांधूचंय नाय."

माझं डोकंच फिरलं. "भावोजी, मरात ती! आता खंयचा गाराणा घालतास?"

त्यांनी हात जोडले, तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. मग मुकाट्यानं फळीवरून टेम्पोत चढले आणि घोडीकडे पाठ करून खाली बसले. घोडीनं फळीवर पाय ठेवला, काढला. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. अर्धा तास गेला असेल, मी तर देवाचं नाव घेत होतो. शेवटी फळी करकरली. ती आत गेली आणि तिनं त्यांच्या खांद्यावर तोंड टेकलं. भावोजी वळले नाहीत. "हळू चल रे," एवढंच टेम्पोवाल्याला म्हणाले.

घोडी वाचली. परतीच्या वाटेवर तिच्या पायांशी आम्ही दोघे बसलो होतो. भावोजी हळूच म्हणाले, "दोर लावूक व्हयो होतो काय रे? मेली असती तर ती माझ्या हट्टानच मेली असती."

 खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या घोडीचा हेवा वाटला. इतकी वाट माझी कधी कुणी पाहिलेली नाही.