दोन हात अंतरावरचा टच

आमच्या पुनावळ्यात चिमाजीरावांना सगळे ‘अध्यक्ष’ म्हणतात. कशाचे, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. वांग्यांच्या वावरात टॉवर उभे राहिले, तसा त्यांच्या गळ्यात गोफ आला आणि हाताशी रिकामा वेळ. गणपती मंडळाचं अध्यक्षपद चुलतभावाकडे होतं, क्रिकेटचं मेहुण्याकडे. उरला टच फुटबॉल. तो त्यांनी घेतला.

या खेळात पायांचं काम पळण्यापुरतंच. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचं, समोरच्याने नुसता हात लावला की थांबायचं आणि चेंडू जमिनीवर ठेवून मागे सरकवायचा. मुलं-मुली एकाच संघात खेळतात. अध्यक्षांनी उरलेल्या प्लॉटवर मैदान आखलं आणि चौकात फ्लेक्स लावला: स्वतःचा फोटो मोठा, पृथ्वीचा गोल लहान, खाली ‘जागतिक संघटनेच्या नियमांनुसार’. जागतिक संघटनेचं नाव ते असं घेत, जणू ती त्यांची सोयरीक आहे.

माझी मुलगी अपेक्षा तिथे खेळू लागली आणि तिनं राज्याच्या मिश्र संघात जायचं मनावर घेतलं. उन्हापासून गुडघ्यांपर्यंत मला सगळ्याचीच काळजी. तिला फक्त त्या संघाची.

पहिल्याच आठवड्यात अध्यक्षांच्या मातोश्री गिरजाबाई खेळ बघायला आल्या. थोडा वेळ बघून म्हणाल्या, “पोरीच्या अंगाला हात लावायचा, ह्यो कसला खेळ म्हनायचा?”

दुसऱ्या दिवसापासून नियम बदलला. मुलाने मुलीपासून दोन हातांवर थांबायचं, हात वर करायचा आणि “ताई, टच” म्हणायचं. ऐकू आलं की तिने थांबायचं. आम्ही आया सुखावलो. ही सुधारणा जगभर लागू करावी, असा ईमेल अध्यक्षांनी जागतिक संघटनेला धाडला. उत्तर आलं नाही, तेव्हा तिकडे अभ्यास चालू असेल, असं त्यांनी जाहीर केलं. इकडे मुलं धापा टाकत “ताई” म्हणेपर्यंत अपेक्षा रेषेपलीकडे पोचलेली असे. अशी धावपटू तालुक्यात झाली नाही, असं अध्यक्ष सांगत सुटले.

मग पुण्यात निवड चाचणी झाली. अपेक्षा चेंडू घेऊन सुटली. एका मुलाने तिच्या खांद्याला हात लावला. ती “ताई” ऐकायची वाट बघत पळतच राहिली. शिट्टी. पुन्हा तेच, पुन्हा शिट्टी. तिसऱ्यांदा तिला बाहेर बसवलं.

अध्यक्ष मैदानात घुसले. पंच होत्या चिखलीच्या उझ्मा. आमच्याकडे तोंडी टच चालतो, असं अध्यक्षांनी त्यांना बजावलं.

“कुणाच्या नियमाने?” उझ्मांनी विचारलं.

“जागतिक.”

“मग अध्यक्ष, जगाला आधी कळवा. तोवर मी जुन्याच नियमाने वाजवते.”

निवड झाली नाही. महिन्याने आणखी एक चाचणी आहे, एवढंच कळलं. परतताना अध्यक्षांच्या गाडीत, वाकड आल्यावर अपेक्षा म्हणाली, “काका, उद्यापासून पोरांना हात लावू द्या.”

अध्यक्षांनी आरशात तिच्याकडे बघितलं. “माझं काय न्हाई गं. पर आईला कोन सांगनार?”

जगाला ईमेल धाडणारा माणूस स्वतःच्या ओसरीपुढे असा गार पडला. संघटनेचं मुख्यालय कुठे आहे, ते मला तेव्हा कळलं.

शेवटी अपेक्षाच गेली. गिरजाबाई मेथी निवडत होत्या. तिनं त्यांचा हात उचलून स्वतःच्या खांद्यावर ठेवला आणि लगेच काढला. “आजी, एवढंच असतं. जोरात लावला तर चूक त्याचीच.”

“एवढंच?” म्हातारीने पुन्हा एकदा स्वतः हात लावून बघितला. “मग लावू दे. पर मी बगत बसंन.”

आता रेषेजवळ त्यांची प्लास्टिकची खुर्ची असते. कुणाचा हात जरा जोरात पडला की त्या घसा खाकरतात, आणि अख्खा संघ दचकतो. अध्यक्षसुद्धा.

काल एका मुलाने अपेक्षाच्या खांद्याला हलकेच हात लावला. ती जागीच थांबली, वाकली, चेंडू ठेवून मागे सरकवला.

“आत्ता कसं,” गिरजाबाई म्हणाल्या.