कुणाच्या हातून जेवतो?

आजारी मूल दवाखान्यात आणलं की मी "आई कोण?" असं विचारत नाही. "हा कुणाच्या हातून जेवतो?" असं विचारते आणि जी पुढे येईल तिला खाटेशी बसवते. मग ती आजी असो, आत्या असो, नाहीतर शेजारीण. हाताखालच्या शिकाऊ मुलींना हा माझा विक्षिप्तपणा वाटतो. वाटू दे. हा प्रश्न मला फुकट मिळालेला नाही.

रत्नागिरीच्या ज्या इस्पितळात मी नर्स म्हणून लागले, तिथे मुलांच्या वॉर्डात आयांना मज्जाव होता. मूल दारातच उचलून घ्यायचं, आईला वाटेला लावायचं आणि रविवारी खिडकीतून मूल दाखवायचं. आया रडतात, बाहेरचं खायला घालतात, शिस्त बिघडवतात, म्हणून हा नियम. नवी पोरं आल्या दिवशी आकांत करत, मग हळूहळू गप्प होत. "बघ, रुळलं," असं आमच्या मोठ्या बाई समाधानानं म्हणत. मला त्या रुळण्याचा संताप येई. मी स्वतः विधवा होऊन माहेरच्या माजघरात काही वर्षं काढली होती. गप्प झालेलं माणूस रुळलेलं नसतं, एवढं मला पुरतं ठाऊक होतं. ही पोरं भिंतीकडे तोंड करून पडून राहत आणि पेजेची वाटी भरलेलीच परत जाई.

मग राजापूरच्या एका मुसलमान व्यापाऱ्याची सून आपली मुलगी घेऊन आली. मुलीची छाती कफानं भरलेली. बाई पडद्यातली, त्यामुळे तिनं वॉर्डाच्या दारात बसणं शक्य नव्हतं, आणि मुलीला सोडून जायला ती तयार नव्हती. सासऱ्यानं वरपर्यंत शब्द टाकला आणि मागच्या पडवीत चादरी बांधून मायलेकींची सोय झाली. ती बाई दिवसभर बोटानं पेज चाटवत बसे. डॉक्टरांनी जिची आशा सोडली होती ती मुलगी उठून बसली. त्याच दुखण्याचा, तिच्याहून धडधाकट असा एक मुलगा आत वॉर्डात दगावला.

एका मुलावरून काही ठरत नाही, हे मलाही कळत होतं. म्हणून मी पाहू लागले. कोण खातं, कोण खायचं थांबतं, थांबण्याआधी काय घडतं, रविवारी खिडकीत आई दिसली की त्या दिवशी वाटी रिकामी होते का. होत असे. माझ्या दृष्टीनं हातच्या कांकणाला आरसा नको होता, पण डॉक्टरांना हवा होता. ते मुंबईला शिकून आलेले, मनाने चांगले, पण वरच्या गोऱ्या साहेबाच्या सावलीलाही भिणारे. पुष्कळ दिवस त्यांच्या मागे लागल्यावर ते म्हणाले, "पडवीत चार खाटा घाला. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत करून पाहू. मात्र सख्खी आई, आणि ती एकटीच. नाहीतर अख्खी वाडी येऊन इथे चुली मांडेल."

मला ही अट रास्त वाटली. कुणालाही वाटली असती.

समुद्र निवळून मचवे सुरू झाले होते. जयगडच्या बाजूनं दोन बायका एका मुलाला घेऊन आल्या. मूल दोनेक वर्षांचं. हगवणीनं डोळे खोल गेलेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. अशा मुलाला औषधापेक्षाही घोटाघोटानं पाणी आणि पेज पोटात जायला हवी. डॉक्टरांनी विचारलं, "आई कोण?" तशी त्यातली अंगानं भरलेली बाई पुढे झाली. "मी." दुसरी किडकिडीत, गाठोडं छातीशी धरून तिच्या मागे उभी राहिली. तिला आम्ही फाटकाबाहेर पाठवलं.

आई म्हणवणारीनं वाटी तोंडाशी नेली की मूल मान फिरवी. ते तिला "आये" म्हणे, पण रडताना हाक मारी ती "काकी, काकी" अशी. आई उशाशी असताना काकीसाठी जीव टाकणारं मूल मी कधी पाहिलं नव्हतं. मी फाटकाशी गेले. ती किडकिडीत बाई तिथेच बसली होती. चोळी दुधानं भिजलेली.

मी काय समजायचं ते समजले. आमच्याकडे एखादीची मुलं पाठोपाठ दगावली की पुढच्या बाळाला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवतात. शेजारीण मूठभर कोंडा देऊन ते विकत घेते. मूल वाढतं आईच्याच घरी, आईच्याच दुधावर, पण म्हणायचं ते शेजारणीचं. आईनं चुकूनही माझं म्हणायचं नाही. ज्या कुणाची नजर तिच्या मुलांवर आहे त्याला वाटावं, हे तिचं नव्हेच.

"तुझाच ना ग तो?" मी विचारलं.

"नाय ओ बाय. तिचा हाय. मी आपली सोबतीला आलेय."

दुसऱ्या दिवशी ती आई म्हणवणारी शेजारीण घरी जायला निघाली. तिचं स्वतःचं तान्हं मूल मागे राहिलं होतं, तिला तरी बोल कसा लावायचा? आई गेली म्हणून मुलाची खाट आत वॉर्डात गेली. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "मला मान्य आहे. पण आज काकीला ठेवलं तर उद्या कुणाला नाही म्हणू? तिनं एकदा आई म्हणू दे, आत्ता बसवतो." ते स्वतः फाटकापर्यंत आले आणि त्यांनी तिला हळू आवाजात विचारलं. तिनं जमिनीला हात लावला. "नाय सायब. माजा नाय."

ते आत गेल्यावर माझा तोल गेला. "अग, खोटं बोल असं कोण म्हणतंय? खरं सांग! एका शब्दाचं तर काम आहे."

तिनं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "बाय, आदीचे तीन माजेच म्हटले. माजा म्हटला का तो जातो."

माझ्या पायगुणानं नवरा गेला, असं मला सगळ्या आळीनं सांगितलं होतं. मी त्यावर विश्वास ठेवला नव्हता, तरी लग्नाच्या मांडवात मी आजवर पाऊल टाकलेलं नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. इथे आई जेवू घालायला दारात उभी होती.

मी मुलाची खाट खिडकीला लावली. ती बाहेर चौथऱ्यावर उभी राही, गजांतून हात आत घाली आणि बोटानं पेज चाटवी. मूल चाटत होतं. दोन दिवसांत त्याच्या डोळ्यांत थोडं पाणी आलं. तिसऱ्या दिवशी ते तिच्या बोटाला चावलं. ती हसली आणि लगेच पदर तोंडावर ओढून घेतला. तिला हसतानाही भीती वाटत होती.

मग वरचा साहेब तपासणीला येणार असल्याचं कळलं. खाटा एका ओळीत हव्यात, खिडकीशी बाहेरचं माणूस नको, खिडक्या बंद. मी डॉक्टरांशी भांडले. ते माझ्या नजरेला नजर न देता म्हणाले, "दोनच दिवस. साहेब गेला की पुन्हा लावा." मी चमचा घेऊन बसले, गाणी म्हटली, विनवण्या केल्या, रागावले. "काकी गेली?" असं त्यानं मला एकदा विचारलं. "नाही रे, बाहेर आहे," मी म्हटलं. त्यानं बंद खिडकीकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर त्यानं काही मागितलं नाही. साहेब ओळीतल्या खाटा पाहून खूश होऊन गेला. पुढची सकाळ मुलानं पाहिली नाही.

मागच्या दाराशी कारकून उभा होता. मूल ताब्यात द्यायचं तर नात्याचं माणूस हवं. डॉक्टरही खाली मान घालून तिथेच होते. "आई गावी गेली ना? मग घेणार कोण?" कारकुनानं विचारलं.

ती खिडकीखालून उठून आली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला.

"मी," ती म्हणाली. "मी त्याची आवस."

कारकून गोंधळून डॉक्टरांकडे पाहू लागला. "त्या दिवशी डॉक्टरांना तर नाही म्हणाली होतीस?"

"तवा भ्या होता. आता कसला?" तिनं दोन्ही हात पुढे केले. "आना. माजा हाय तो."

मी तो तिच्या हातांत दिला. फाटकातून बाहेर पडून ती बंदराच्या रस्त्याला लागली. वाटेत दिसेल त्याला, गाडीवानाला, पाणी भरणाऱ्या बायकांना, ती सांगत होती, "माजा हाय, माजा." कुणी विचारलेलं नव्हतं.