शिंदे आजींची गोळी माझ्या आईच्या पोटात

मंडळी, आज दुपारी नाहूरच्या वृद्धाश्रमात आईला भेटलो. आठवडाभर तिला चक्कर येतेय, डॉक्टरांना कारण सापडेना.

सिस्टर शेजारच्या शिंदे आजींना म्हणाली, "घ्या ना हो, प्रेशरची गोळी आहे." गोळी ठेवून ती पुढे गेली. मी उठेपर्यंत आईने ती उचलून गिळलीसुद्धा!

"अगं, काय करतेस?"

"ती रोज नको म्हणते रे. गोळी उरली की त्या पोरीला बोलणी बसतात."

सिस्टरला, डॉक्टरांना लगेच सांगितलं. आईपुढे हात जोडले.

"बरं, नाही घेणार."

हे 'बरं' मी ओळखतो. बाबांनाही ती असंच म्हणायची आणि मनातलंच करायची.

मी दुकानात, सिस्टर एक, आज्या वीस. उद्या आईचा हात कोण धरणार, सांगा.