मुखेडच्या चढावरचे दोन तांबे

बसू गुरुवारी गेला, आणि आज रविवारी सोपानमामाला ते सांगायला मला एकट्याला चढ चढून जावं लागलं.

बसू म्हणजे बसवराज. उदगीरला कापडाचं दुकान. माझा शाळेपासूनचा मित्र आणि रविवारचा सायकलवरचा जोडीदार.

दुकानातच गेला. गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवता दाखवता खाली बसला, तो उठलाच नाही.

मातीला आलेले निम्मे लोक मला एकच विचारत होते, "एवढी सायकल चालवायचा, मग असं कसं झालं?"
जसा काही मी त्याचा डॉक्टर. संताप आला.

आमचा रूट ठरलेला. उदगीरहून जळकोट, तिथून पुढं मुखेडच्या अंगाला. दोन्हीकडं उघडे माळ, काळा दगड, मधूनमधून तूर. सावलीचं नाव नाही. आणि शेवटी तो चढ.

बसू कायम पुढं. मी मागं, धापा टाकत, गिअरला शिव्या देत.

उदगीर जिल्हा होणार, होणार, हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलोय. बसू म्हणायचा, "जिल्हा झाला की कलेक्टरच्या गाडीसाठी हा चढ कापून सपाट करतील. तवर चढून घे."

जिल्हा अजून झाला नाही. चढ होता तसाच आहे.

चढाच्या माथ्यावर, रस्त्याला लागूनच सोपानमामाचं घर. बायको वारलेली, पोरं पुण्याला. मामा आणि त्याच्या दोन शेळ्या. एकदा बसूचं टायर पंक्चर झालं, मामाच्या ओट्यावर बसून ट्यूब बदलली, तेव्हापासूनची ओळख.

मग दर रविवारी तिथं थांबायचं. दोघांना दोन तांबे पाणी, आणि त्यासोबत मामाचं बोलणं फुकट.
"कामधंदा न्हाई का तुमाला? पोटासाठी न्हाई, पान्यासाठी न्हाई, उगाच काय फिरून राहिले?"

बसूला ते फार आवडायचं. दुकानात सगळे शेठ शेठ करतात, म्हणायचा, इथं येऊन बरं वाटतं.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, ते. मामाच्या वस्तीवर टँकर कधी यायचा, कधी नाही.

एका रविवारी बसू चढाच्या अलीकडच्या फाट्यावर न विचारताच डावीकडं वळला. तो माळावरचा रस्ता. लांबचा, खडबडीत, एकही घर नाही.

मी मागून ओरडलो. तो थांबला आणि म्हणाला, "मामा पानी दिल्याबिगर सोडणार न्हाई. आता त्याचं पानी प्यायचं कसं? अन् त्याच्या दारात बसून नको म्हणायचं कसं?"

मला पटलं. खरं सांगतो, त्याचा अभिमान वाटला. तो सगळा उन्हाळा आम्ही डावीकडूनच गेलो.

पाऊस झाल्यावर पहिल्याच रविवारी मामाकडं गेलो. त्यानं पाणी दिलं. पण बोलला काहीच नाही. तिथंच आमच्या लक्षात यायला हवं होतं.

बसू हसत हसत सांगायला लागला, तुमचं पाणी वाचावं म्हणून आम्ही दुसऱ्या रस्त्यानं जात होतो. मामानं त्याला पुरतं बोलू दिलं नाही.

"पानी कमी व्हतं. तांब्याभर बी नसंल, असं वाटलं का तुमाला?"

मग हळूहळू सगळं निघालं. उन्हाळाभर दर रविवारी तो दोन तांबे भरून, झाकून ओट्यावर ठेवायचा. उन्हं उतरेपर्यंत रस्त्याकडं बघत बसायचा. मग ते पाणी शेळ्यांना पाजायचा.

आठवडाभरात त्याच्या दारात येणारी माणसं म्हणजे आम्ही दोघंच होतो. आम्हाला ते माहीतच नव्हतं.

गिऱ्हाइकाला कधी न हरणारा बसू मान खाली घालून बसून राहिला.

त्यानंतर या रूटवर त्यानं पाण्याची बाटली आणणंच सोडलं. एप्रिलच्या उन्हात, कोरड्या घशानं तो चढ. मी खूप भांडायचो. मरशील एखाद्या दिवशी, असंही म्हणायचो. आता तो शब्द आठवला की कसंतरी होतं.

तो म्हणायचा, "तहान लागल्याबिगर त्याच्या दारात जायचं कसं? त्याला लगेच कळतंय."

यंदाही पावसानं ओढ दिली आहे. माळ नुसता भाजून निघालाय.

आज मी बाटली घरीच ठेवली.

फाट्यावर थांबलो. डावीकडं वळलो असतो तर सांगावं लागलं नसतं. खूप वाटलं वळावं.

चढावर पुढं कुणाची पाठ दिसत नव्हती. मला त्याची सवय नाही.

ओट्यावर दोन तांबे भरून ठेवलेले होते.

"आज तू पुढं कसा रे?" मामा म्हणाला. "बसू मागं काय करून राहिला?"

मी सायकल भिंतीला लावली. हेल्मेट काढायला उगाच वेळ लावला. मग सांगितलं.

मामा चढाच्या खालच्या वळणाकडं बघत बसला. मीही त्याच्याशेजारी तिकडंच बघत बसलो. एक टेम्पो वर आला आणि निघून गेला.

मी माझा तांब्या प्यालो.

मामानं दुसरा माझ्यापुढं सरकवला.

"त्याचं बी तूच पी. ते पानी आता शेळ्यांला न्हाई पाजायचं मला."

सगळं प्यालो.

बसू, दुकानाची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला तू आधी हात जोडून, नमस्काराऐवजी, शरणार्थ म्हणायचास. आज माझ्याकडून तुला.

फाट्यावर वळणार नाही रे आता. शरणार्थ.