मास्तर मला काय म्हणाले

व्हायोलिनच्या गजाला लावायच्या राळेचा वास आला की जयनगरातली ती शिकवणी आठवते. वडिलांच्या कारखान्यातल्या नोकरीपायी आम्ही साताऱ्याहून बंगळूरला नुकतेच आलो होतो, साठ सालाच्या सुमारास. मास्तर प्रत्येकाचा हात बघून काय वाजवायचं ते ठरवत. नवख्यांना नुसते स्वर, तयार मुलांना अवघड रचना. मला त्यांनी एक रडकं, संथ गीत दिलं. साताऱ्यात दोन वर्षं शिकलेली मी! रागाने गज सपासप ओढू लागले, तसे मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "मेल्लगे! मेल्लगे!" मी थिजलेच. आमची तापट आत्यासुद्धा मला 'मेले' म्हणायची ती दार लावून. आणि हा गंध लावलेला माणूस चक्क हसत म्हणत होता! घरी येऊन सांगितलं, "आता मेले तरी तिथे जाणार नाही." आई पदर खोचून निघाली, तर शेजारच्या अक्कांनी फाटकातच अडवलं. "अय्यो, मेल्लगे म्हंजे सावकाश हो!" आई हसत सुटली. ते संथ गीत माझ्याच वाट्याला का आलं, ते मला तेव्हा कळलं. आता मीच शिकवते. परवा सोलापूरहून आलेली एक चिमुरडी फार घाई करते म्हणून तिला तेच गीत दिलं आणि सवयीने म्हटलं, "मेल्लगे." तिचा गज हवेतच थांबला, आणि दारात बसलेली तिची आई ताडकन उठून उभी राहिली.