शुक्रवारचा पीच कॉब्लर

हसणार असाल तर हातातला कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा माझ्या मेव्हण्याला असा ठसका लागला, की पाठीत गुद्दे घालायची पाळी आली. आणि हसा, खुशाल हसा! मी जे करून ठेवलं ते दुसऱ्या कुणी केलं असतं तर मीही महिनाभर हसलो असतो.

तर झालं असं. आमची सुनंदा ज्या पॅकिंगच्या युनिटमध्ये कामाला जायची, ते युनिट बंद पडलं. थोडे दिवस घरात बसली, आणि मग एका सकाळी म्हणाली, "मी केक करून विकणार." मी म्हटलं, "विक की!" मला वाटलं, हे खूळ आठवडाभरात उतरेल. कसलं उतरतंय! तिने टेबलावर ठेवायचा एक ओव्हन घेतला, मोबाईलवर व्हिडिओ बघितले, आणि केक, बिस्किटं, नानखटाई करून करून अंबरनाथमधल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगचं वजन वाढवलं. कौतुक सगळ्यांनी केलं. डबे परत करताना रिकामे केले, तेही प्रेमाने. पण ऑर्डर? एकाची येईल तर शपथ!

आणि एक दिवस उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून रोशनी भाभींचा फोन आला. यांचं तिथे ड्रेस मटेरियलचं दुकान. सुनंदाची नानखटाई कुणाकडून तरी त्यांच्यापर्यंत पोचली होती. भाभी मुलीकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या, तिथे त्यांनी पीच कॉब्लर खाल्लेला, आणि आता घरच्या किटी पार्टीला त्यांना अगदी तस्साच हवा होता. जुन्या पद्धतीचा. आणि गरम! ओव्हनमधून निघालेला, वर व्हॅनिला आइस्क्रीम. शिवाय धाकट्या मुलीची सगाई ठरलेली. हे पसंत पडलं तर सगाईचं सगळं गोड सुनंदाकडून घेणार.

आता कॉब्लर म्हणजे काय, ते मला तरी कुठे माहीत होतं? सुनंदाने समजावलं. ट्रेमध्ये लोणी वितळवायचं, त्यावर मैदा, साखर आणि दुधाचं सरसरीत पीठ ओतायचं, त्यावर साखरेत मुरलेल्या पीचच्या फोडी. आणि ढवळायचं नाही! भट्टीत गेलं की पीठ आपलं आपण फुगून फळांच्या वर येतं.

"म्हणजे सगळं उलटंच की," मी म्हटलं.

"तुम्ही नका डोकं लावू," ती म्हणाली. तेव्हाच ऐकायला हवं होतं.

पण भाभींचा दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा सुनंदाचे हात पिठात होते, म्हणून मी उचलला.

"भैया, किस दिन दोगे?"

"शुक्रवार को, भाभी! उस दिन मेरी छुट्टी रहती है. मैं खुद लेके आता हूँ ना!"

केवढा रुबाब! जसा काही मीच बेकर.

पीच आणायलाही मीच गेलो, कॅम्प दोनच्या मार्केटात. फळवाल्याने एक पीच कापून माझ्या तोंडातच घातला. "आडू ले जाओ साईं, शहद है शहद!" रस कोपरापर्यंत ओघळला. मी खूश झालो आणि पेटीच उचलली.

"अहो, मी थोडेच सांगितले होते ना?" सुनंदा म्हणाली.

"लागतील."

"कशाला, आंघोळीला?"

शुक्रवार उजाडला. दुपारी तिने पीच गरम पाण्यात टाकले, लगेच गार पाण्यात काढले आणि सालं अलगद सोलली. फोडींवर साखर, लिंबू, चिमूटभर दालचिनी. घरभर असा वास सुटला की वरच्या मजल्यावरच्या काकू विनाकारण वाटी मागायला येऊन गेल्या. सुनंदा गुणगुणत होती. किती दिवसांनी गुणगुणत होती म्हणून सांगू! तिने ओव्हनचं बटण दाबलं, आणि पंखा थांबला.

"गेली वाटतं," मी म्हटलं. "येईल."

सुनंदा माझ्याकडे वळली. "अहो, आज वार कोणता?"

शुक्रवार! मंडळी, आमच्या पट्ट्यात शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी का असते? तर त्या दिवशी लाईनची कामं काढतात, लाईट बंद ठेवतात! संध्याकाळपर्यंत येत नाही, आणि भाभींची पार्टी संध्याकाळचीच. म्हणजे ज्या कारणाने मला सुट्टी, त्याच कारणाने बायकोचा ओव्हन बंद. आणि दिवस कुणी ठरवला? या शहाण्याने.

"कुकरमध्ये करू का, खाली मीठ घालून?" तिने कुकर खाली काढला.

"एवढा मोठा ट्रे कुकरमध्ये मावेल का? अगं, पण घाबरतेस काय? मी बसलोय ना!"

इथे माझं काम सांगायला पाहिजे. मोरिवलीच्या बाजूला आमची शेड आहे, हीट ट्रीटमेंटची. स्टीलचे भाग, आमच्या भाषेत जॉब, भट्टीत तापवायचे, थंड करायचे, हवे तेवढे कडक करायचे. यातच माझे केस पांढरे झाले. आणि शेडमध्ये नुकताच एक इलेक्ट्रिक ओव्हन आला होता. नवा कोरा! रिकामा तापवून झाला होता, पण एक खिळासुद्धा आत गेला नव्हता. शेडला जनरेटर आहे, चावी माझ्याकडे. आणखी काय पाहिजे?

"तिथे?" सुनंदा म्हणाली. "लोखंडाच्या ओव्हनमध्ये?"

"नवा आहे गं! तुझ्या त्या खेळण्यापेक्षा लाखपट अचूक. एका डिग्रीचा फरक पडणार नाही."

"मग मी पण येते."

"तू कशाला? तू आवर, साडी नेस, आइस्क्रीम घे आणि शेडवरच ये. तिथून थेट भाभींकडे जाऊ. जन्मभर काय केलं मी? भट्टीच सांभाळली ना?"

निघण्याआधी शेडच्या मालकांना, शेठना, फोन केला. कॉब्लरचं नाव कशाला काढा? म्हटलं, "शेठ, नव्या ओव्हनची ट्रायल घेऊ का आज?"

शेठ गहिवरले. "सुट्टीच्या दिवशी? गायकर, तुझ्यासारखी माणसं आता राहिली नाहीत रे!"

शेडवर गेलो. जनरेटर लावला, ओव्हन आतून स्वच्छ पुसला, फॉइल अंथरली. लोणी, पीठ, फोडी, सगळं सुनंदाने वेगवेगळ्या डब्यांत दिलं होतं. एकावर एक ओतलं आणि ढवळलं नाही! तापमान लावलं, बझर लावला. काचेतून बघतो तर काय, खरंच पीठ वर यायला लागलं की! कडेने रस उकळतोय, वर सोनेरी रंग चढतोय. त्या शेडमध्ये आजवर तेल आणि गंज यांचाच वास. तिथे लोणी आणि दालचिनी दरवळली. मी स्वतःवर इतका खूश होतो की मनातल्या मनात सुनंदाच्या बेकरीचा बोर्डसुद्धा रंगवला, खाली लहान अक्षरांत माझं नाव.

आणि गाडीचा हॉर्न वाजला. शेठ! स्वतः! सुट्टीच्या दिवशी राबणाऱ्या कामगाराचं कौतुक करायला हातात सामोसे घेऊन आलेले.

"काय रे गायकर, कुठला जॉब लावलाय?"

"ट्रायलचा, शेठ."

शेठनी नाक वर केलं. "वास कसला येतोय?"

"नवा ओव्हन आहे ना, शेठ. सुरुवातीला येतो वास."

"लोण्याचा?"

तेवढ्यात बझर वाजला. शेठ पुढे सरसावले. "काढ, काढ! बघू दे कसा झालाय जॉब!"

आता नीट ऐका. आठवडाभर आम्ही एकाच गिऱ्हाइकाचे भाग काढत होतो. त्यांचं काम असं, की भट्टीतून काढलं की हवेत ठेवायचंच नाही, ताबडतोब बाजूच्या टाकीत, पाण्यात! सेकंदाचा उशीर झाला तरी शेठ ओरडायचे. आणि इथे बझर वाजतोय, शेठ पाठीशी उभे, तोंडाने "लवकर, लवकर" चाललेलं. माझं डोकं कुठे होतं कुणास ठाऊक, हात मात्र ड्युटीवर होते. ग्लोव्ह्ज चढवले, दार उघडलं, ट्रे धरला, डावीकडे वळलो.

आणि बुडवला!

छ्ऽऽस्स!

वाफेचा असा लोट उठला की शेठ दिसेनासे झाले. वाफ विरली तेव्हा टाकीच्या काळपट पाण्यावर पीचच्या फोडी तरंगत होत्या. सोनेरी कवच कसं मऊ पडून, मान टाकून, हळूहळू तळाशी चाललं होतं.

शेठ टाकीत वाकले.

"गायकर, मटेरियल काय होतं?"

"पीच, शेठ."

"ग्रेड?"

"गोड."

काय बोलत होतो, माझं मलाच कळत नव्हतं. आणि मागून आवाज आला, "झालं का हो?"

सुनंदा दारात उभी. ठेवणीतली निळी साडी, केसात गजरा, हातात आइस्क्रीमची पिशवी. तोंडभर हसू. ती टाकीपाशी आली. तिने ओव्हनमध्ये बघितलं, ओव्हन रिकामा. तिने टाकीत बघितलं. आणि ते हसू माझ्या डोळ्यांसमोर मावळलं.

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली आणि हळूच म्हणाली, "मला बाहेरच्या कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं हो."

खोटं कशाला बोलू, त्या टाकीत आपणही उडी मारावी असं वाटलं मला. जिला काम सुटल्यापासून पुन्हा उभं राहायचं होतं, तिची पहिली ऑर्डर मी माझ्या हाताने बुडवली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती एकदम ताठ बसली.

"पेटीत पीच शिल्लक आहेत ना?"

"आहेत! अर्ध्याहून जास्त!"

"मैदा आहे. दूध आहे. शेठ, तुमची गाडी मिळेल?"

शेठनी चावी काढून दिली नाही, स्वतःच गाडी काढली! त्या बाईच्या आवाजात तेव्हा असं काही होतं की त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. दोघं घरी जाऊन सामान घेऊन येईपर्यंत आइस्क्रीम पाण्याच्या कूलरमध्ये कोंबून राखणं, एवढं काम मला मिळालं. आल्यावर तिने पदर खोचला, माझे ग्लोव्ह्ज माझ्या हातातून काढून घेतले आणि म्हणाली, "आता दोघंही बाहेर."

"मी पण?" शेठ म्हणाले. शेड त्यांची, ओव्हन त्यांचा!

"तुम्हीच 'लवकर, लवकर' करत होतात ना?"

शेठ मुकाट्याने बाहेर आले. आम्ही दोघं पायरीवर बसून गार झालेले सामोसे खाल्ले. आतून बझर वाजला. माझे हात सवयीने उठले, तर शेठनी माझं मनगट गच्च धरलं. "बस खाली, गायकर. हलायचं नाही."

दार उघडलं. सुनंदाच्या हातात ट्रे. वरचं कवच फुगलेलं, कुरकुरीत, भेगांमधून केशरी रस बुडबुडतोय. कडेचा सुटलेला तुकडा तिने शेठना दिला. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "वहिनी, दर शुक्रवारी ओव्हन तुमचा. फक्त ह्याला घरी ठेवा."

रिक्षात ट्रे टॉवेलात गुंडाळून तिच्या मांडीवर, आइस्क्रीम माझ्या मांडीवर. अंबरनाथपासून उल्हासनगरपर्यंत एकेका खड्ड्याला रिक्षावाल्याला मी इतकं "सावकाश रे बाबा" म्हटलं, की शेवटी त्याने विचारलं, "बाळंतीण आहे का कुणी?"

पोचलो तेव्हा उशीर झालेला. भाभींच्या हॉलमध्ये बायका भरलेल्या, भाभींच्या कपाळावर आठी. सुनंदाने ट्रे टेबलावर ठेवला. टॉवेल सोडला, वाफ निघाली, वर आइस्क्रीमचा गोळा ठेवला, वाटी पुढे केली. भाभींनी चमचा तोंडात घातला आणि आठी गेली.

"अरे वाह! सुनंदा, ये तो वहाँ से भी अच्छा है!" आणि सगळ्यांकडे वळून, "देखो, सगाई में मीठा यही बनाएगी, मैंने बोल दिया!"

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले, पण हसू परत आलेलं, आधीपेक्षा मोठं. मला इतका आनंद झाला की विचारू नका. बायका वाट्या घेऊन पुन्हा रांगेत, एक जण नंबर मागतेय, दुसरी विचारतेय अंड्याशिवायचा केक होईल का, आणि सुनंदा सगळ्यांना उत्तरं देतेय, जशी काय दहा वर्षं दुकान चालवतेय.

मी कोपऱ्यात आइस्क्रीमचा रिकामा डबा धरून उभा. तेवढ्यात एका म्हाताऱ्या आंटींचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"और ये भैया कौन? तुम्हारा स्टाफ है?"

मी छाती पुढे काढली. आता बायको सांगणार, हे माझे मिस्टर, हीट ट्रीटमेंटमधले उस्ताद!

सुनंदाने एकदा मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हाँ आंटी," ती म्हणाली. "अभी ट्रेनी है. परमनंट करना है कि नहीं, देखती हूँ. ओव्हन को तो हाथ भी लगाने नहीं देती."

अख्खा हॉल हसला. आणि मी, ज्याच्या हाताखाली पंधरा पोरं भट्टीचं काम शिकून गेली, तो मी काय म्हणालो माहितीये?

म्हणालो, "मॅडम, ट्रे खाली हो गया तो धो के रख दूँ?"